टर्बो पेट्रोल गाडीचं ट्यूनिंग आणि ईसीयू रीमॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बो गाडी (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र असलेली) घेतली की सहा महिन्यांच्या आत कुणीतरी सांगतं, "रीमॅप करून घे, गाडी उडते." उडते हे खरं आहे. ती कशाच्या बळावर उडते आणि त्याचा भार कुठल्या भागावर पडतो, हे सांगणारे मात्र कमी भेटतात. म्हणून मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक फोक्सवॅगन समूहाच्या १.० आणि १.५ लिटर टीएसआय (थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल) इंजिनांची आहेत. व्हर्टस, टायगुन, कुशाक, स्लाविया या गाड्या आपल्या चाकणला बनतात, रस्त्यावर भरपूर दिसतात आणि माझे हात याच इंजिनांवर जास्त चालले आहेत. तत्त्वं मात्र कुठल्याही टर्बो पेट्रोल इंजिनाला लागू पडतात.

रीमॅपमध्ये नक्की काय बदलतात?

ईसीयू हा इंजिनाचा संगणक. त्यात एक प्रोग्राम असतो आणि त्या प्रोग्रामला लागणारे आकड्यांचे हजारो तक्ते असतात. या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. रीमॅप करणारा सहसा प्रोग्रामला हात लावत नाही, तक्त्यांमधले आकडे बदलतो.

आजच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे तेवढा थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) उघडला, असं होत नाही. पाय किती दाबला यावरून ईसीयू "चालवणाऱ्याला इतका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवाय" असा अर्थ लावतो. मग तो टॉर्क गिअरबॉक्सला झेपेल का, इंजिन गरम झालंय का, चाकं घसरतायत का, हे तपासतो. त्यातून जो टॉर्क मंजूर होईल त्यासाठी सिलिंडरमध्ये किती हवा भरायची, त्या हवेसाठी बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती, थ्रॉटल किती, पेट्रोल किती आणि ठिणगी नेमकी केव्हा, हे ठरतं. ही साखळी आहे. तिची एकच कडी ओढली तर बाकीच्या तिला मागे खेचतात. फक्त बूस्टचा तक्ता वाढवलेली गाडी म्हणूनच पूर्ण पाय दाबल्यावर मधेच गळपटते. टॉर्क ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलेला दिसला की ईसीयू थ्रॉटल मिटून घेतो.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे सगळ्या मर्यादा शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवून ठेवायच्या. मग गाडी गळपटत नाही, पण वेळ आली तर तिला अडवणारंही कुणी उरत नाही. चांगला ट्यूनर मर्यादा उठवत नाही. नव्या हिशेबाला धरून तो ती नव्या जागी बसवतो.

इतकी ताकद इंजिनात होती तर कंपनीनेच का दिली नाही?

१.० टीएसआयचा टॉर्क १७८ न्यूटन-मीटर आहे आणि तो १७५० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सपाट राहतो. इंजिन स्वभावतः असा सपाट टॉर्क देत नाही. ती रेघ ईसीयूने पट्टी धरून ओढलेली आहे. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले साधारण ७०२४ केलं की पीएसमधली (मेट्रिक अश्वशक्तीतली) पॉवर मिळते. ४५०० वर हा हिशेब ११४ येतो आणि कंपनी ११५ पीएस सांगते. म्हणजे टॉर्कची पट्टी संपते तिथेच इंजिन जवळपास पूर्ण पॉवरला पोचलेलं असतं. रीमॅपमधली वाढ मुख्यतः त्या पट्टीच्या वरून मिळते, मधल्या आरपीएमला.

पट्टी तिथेच ओढण्यामागे काही कारणं व्यापाराची असतात. महागड्या मॉडेलला वरचा आकडा राखून ठेवावा लागतो. पण बाकीची कारणं पक्की आहेत. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत पाच माणसं आणि सामान घेऊन चालणार आहे, कुठल्यातरी आडगावच्या पंपावर पेट्रोल भरणार आहे, ऑइल बदलायला तीन हजार किलोमीटर उशीर होणार आहे, आणि तरीही तिने दहा वर्षं टिकायचं आहे. कंपनी या सगळ्यांसाठी राखीव ठेवते. रीमॅप करणं म्हणजे त्या राखीवातून उसनं घेणं. तुम्ही ऑइल वेळेवर बदलत असाल, पेट्रोल निवडून भरत असाल, तर काही भाग उसना घ्यायला हरकत नाही. तसं करणार नसाल तर घेऊ नका.

बूस्ट किती वाढवला तर चालतो?

या प्रश्नाला एक आकडा देऊन भागत नाही, कारण बूस्टबरोबर उष्णता येते. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागतं तेव्हा हेच जाणवतं. समजा बाहेर ३५ अंश आहेत आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाची, कार्यक्षमता ७० टक्के धरली तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे १३० अंशांची असते. तिला थंड करणं हे इंटरकूलरचं काम. या टीएसआय इंजिनांमध्ये तो पाण्यावर चालतो. तो छोटा आणि चपळ आहे, पण एकामागून एक तीन-चार वेळा पूर्ण पाय दाबला की त्यातलं पाणीच तापतं आणि मग निवायला वेळ लागतो. बूस्ट वाढवला, पण हवाही तितकीच तापली, तर हाती काही लागत नाही. गरम हवा विरळ असते, वरून नॉकिंगचा (मिश्रण नको तेव्हा पेटण्याचा, पुढे येतंच) धोका वाढतो तो वेगळाच.

उंचीचा मुद्दा आपल्याकडे बोलला जात नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. मुंबईत हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. ईसीयू एकूण दाबाचं लक्ष्य धरून चालतो. समजा लक्ष्य २०० किलोपास्कलचं आहे. मुंबईत टर्बोला हवा साधारण दुप्पट दाबावी लागते, तर महाबळेश्वरला २.३ पटीहून जास्त. तेवढ्यासाठी त्याचं चाक आणखी वेगाने फिरतं आणि हवा आणखी तापते. मूळ सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी बूस्ट कमी करणारा तक्ता असतो. तो तक्ता सपाट करून टाकलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. अशी गाडी ठाण्यात छान चालते, आणि पसरणी घाट चढताना तिचा टर्बो मर्यादेबाहेर फिरत असतो. वर आणि खाली तिच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, त्यामुळे मालकाला याचा पत्ताही लागत नाही.

तुमच्या ट्यूनरला एवढं नक्की विचारा: उंचीच्या तक्त्याचं काय केलंत?

नॉकिंग म्हणजे काय? ईसीयू ते सांभाळत नाही का?

ठिणगी पडल्यावर आग सिलिंडरमध्ये एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरत जायला हवी. उष्णता आणि दाब फार झाला की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आग पोचण्याआधीच एकदम पेटतं. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर हा हादरा ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी थोडी उशिरा पाडतो. टर्बो गाड्यांमध्ये नॉकिंग ऐकून बूस्ट सांभाळण्याचं तंत्र साब या स्वीडिश कंपनीने आणलं. १९७८ च्या साब ९९ टर्बोनंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एपीसी नावाची यंत्रणा दिली. ती नॉकिंग ऐकून बूस्ट कमी करायची, त्यामुळे वेगवेगळ्या ऑक्टेनच्या (नॉकिंगला विरोध करण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोलवर तेच इंजिन चालू शकायचं.

म्हणजे हो, ईसीयू सांभाळतो. पण सेन्सरला ऐकू येतं तेव्हा हादरा बसून गेलेला असतो. सावरण्याच्या यंत्रणेवर रोजची गाडी चालवायची नसते. एखादा सिलिंडर क्वचित एक-दोन अंश मागे येणं (त्याची ठिणगी क्रँकच्या फिरण्यात तितके अंश उशिरा पडणं) मी चालवून घेतो. तोच सिलिंडर दरवेळी चार-पाच अंश मागे येत असेल तर काम थांबवतो. एकदा माझ्याच गाडीत तिसरा सिलिंडर असा हट्टाने मागे येत होता आणि मी दोन दिवस टायमिंगचे आकडे खालीवर करत बसलो. शेवटी प्लग काढला, तर त्याचं पोर्सिलीन तडकलेलं निघालं. प्लग बदलल्यावर तीच फाइल शांतपणे चालली. तेव्हापासून मी आधी प्लग काढून बघतो, नंतर लॅपटॉप उघडतो.

आणखी एक प्रकार जास्त घातक आहे. कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला की थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कधीकधी ठिणगीच्या कितीतरी आधी मिश्रण पेटतं. ऑइलचे थेंब हे त्याचं एक प्रमुख कारण. यात ठिणगी मागे घेऊन उपयोग नसतो, कारण ठिणगीने आग लावलेलीच नसते. अशा एका झटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची २०१८ ची एसएन प्लस आणि २०२० ची एसपी ही ऑइलची मानकं याच त्रासाकडे बघून आली. कंपनीने सांगितलेलं मानक पाळून एसपी दर्जाचं ऑइल घाला. आणि १४०० आरपीएमला पाचव्या गिअरमध्ये घाट ओढू नका, एक गिअर खाली घ्या.

पेट्रोल कुठलं घालायचं? ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, काय?

आधी एक गोंधळ दूर करू. परदेशातून विकत घेतलेल्या फाइली बऱ्याचदा तिथल्या ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेल्या असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकाने "९३ ऑक्टेनची फाइल" पाठवली तर तीही त्याच वर्गातली. तिथल्या पंपावर वेगळ्या पद्धतीने आकडा मोजतात, त्यामुळे त्यांचा ९३ म्हणजे आपल्या मोजणीत जवळपास ९८. आपलं साधं पेट्रोल बीएस६ मध्ये किमान ९१ चं होतं आणि इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यावर ते ९५ च्या आसपास आलं. इंडियन ऑइलच्या एक्सपी १०० सारखं १०० ऑक्टेनचं पेट्रोल ठरावीक शहरांतच मिळतं. तुम्ही सुट्टीत गावी जाता तिथल्या पंपावर जे मिळतं, त्यासाठी फाइल लिहून घ्या. पुण्याच्या पंपावर मिळतं म्हणून १०० ऑक्टेनची फाइल घातलीत, तर रत्नागिरीला पोचल्यावर तुम्ही अडचणीत आलात.

ई२० ची गोष्ट दुहेरी आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं आणि वाफ होताना हवा थंड करतं. ट्यूनिंगच्या दृष्टीने हे उत्तमच. पण त्याच्या ज्वलनाला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ आणि ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तितक्याच हवेसाठी इंधन सुमारे ९ टक्के जास्त द्यावं लागतं. रोजच्या चालवण्यात लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बघून ईसीयू ते जुळवून घेतो. पूर्ण पायावर, वरच्या आरपीएमला मात्र इंधनाचा हाय प्रेशर पंप आधीच टोकाजवळ असतो. तिथे इंधनाचा दाब घसरला की मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि भर बूस्टमध्ये कोरडं मिश्रण पिस्टन वितळवतं. आजघडीला आपल्याकडच्या छोट्या टर्बो इंजिनांत ऑक्टेनपेक्षा हा पंपच आधी हात टेकतो, असं माझं ठाम मत झालंय.

गिअरबॉक्स आणि क्लच टिकतील का?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, विचारायला हवा पहिल्यांदा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची), म्हणजे डीक्यू२०० ची, मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. १.० टीएसआयसोबत मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. १.५ टीएसआयसोबत हीच डीएसजी मिळते, आणि ते इंजिन कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर देतं. म्हणजे तिथे कागदावर शिल्लक शून्य. थोडा जास्त टॉर्क ती काही काळ सहन करते हे खरं, पण क्लचचा खर्च काढून ठेवूनच त्या वाटेला जा. मी १.५ डीएसजीवाल्यांना नेहमी सांगतो, मधला टॉर्क आहे तिथेच ठेवा आणि ३५०० च्या पुढे तो पडायला लागतो तिथे थोडा धरून ठेवा. गाडी मोकळी वाटते आणि क्लचवर नवा भार येत नाही.

मॅन्युअलमध्ये क्लच घसरला तर लगेच कळतं: चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएम चढतो, वेग चढत नाही.

रीमॅपच्या आधी गाडीत काय बघावं?

नवे प्लग, स्वच्छ एअर फिल्टर, ताजं ऑइल, आणि एकही एरर कोड नसलेला ईसीयू. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजची प्रत्येक क्लिप हाताने हलवून बघा. हवा गळत असेल तर टर्बो ती भरून काढण्यासाठी जास्त फिरतो आणि मूळ बूस्टवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. आजारी गाडीचा रीमॅप करू नका.

काम चांगलं झालंय हे कसं ओळखायचं?

लॉग मागा, म्हणजे गाडी चालवताना ईसीयूतून नोंदवलेले आकडे. डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा आकडा मला दुय्यम वाटतो. खोलीचं तापमान, टायरमधली हवा, बॉनेटसमोरचा पंखा, निवडलेला करेक्शन फॅक्टर (हवामानानुसार आकडा जुळवणारा गुणक), यातल्या कशानेही तो हलतो. एकाच डायनोवर, एकाच दिवशी, आधी आणि नंतर काढलेले दोन आलेख असतील तर त्यांच्यातला फरक खरा मानायचा. "माझी अमुक पीएस काढते" हे सुटं वाक्य काहीच सांगत नाही.

लॉग मात्र खोटं बोलत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून लाल रेघेपर्यंत एक ओढ, आणि त्यात हे सगळं नोंदलेलं असावं: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरची मागे आलेली ठिणगी, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं जुळलेलं), आणि इंधनाच्या रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) मागितलेला व मिळालेला दाब. मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या वर उसळून मग खाली येत असेल तर वेस्टगेटचं (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेचं) नियंत्रण नीट बसवलेलं नाही. रेलचा दाब वरच्या आरपीएमला खाली वाकत असेल तर पंप संपलाय. लॅम्डा १ च्या आसपास असताना बूस्ट भरपूर आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा विचारच नाही, असं असेल तर टर्बाइनचं (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या चाकाचं) आयुष्य जळतंय. पेट्रोल टर्बोंच्या टर्बाइन साधारण ९५० ते १०५० अंशांपर्यंत झेपवतात आणि त्या मर्यादेजवळ ईसीयू जादा इंधन घालून एक्झॉस्ट थंड करतो. हे संरक्षण बंद केलेली फाइल आकडा चांगला दाखवते. ती घेऊ नका.

आणि लॉग एकदाच काढून पुरत नाही. जानेवारीत केलेल्या कामाचा लॉग मे महिन्यात पुन्हा काढा.

ट्यूनिंग बॉक्स बसवला तर? तो काढताही येतो.

बॉक्स बूस्टच्या सेन्सरची खबर कमी करून ईसीयूला सांगतो. ईसीयूला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो आणखी भरतो. तुमच्या इंजिनाच्या डॉक्टरला खोटा ताप सांगून जास्त औषध घेण्यासारखं हे आहे. सौम्य प्रमाणात चालून जातं, पण संरक्षणाचे सगळे हिशेब ज्या आकड्यांवर उभे आहेत तेच आकडे खोटे होतात. मी सुचवत नाही.

एक्झॉस्टमधून फटाके वाजवायचे आहेत. कॅट काढून टाकू का?

नको, दोन्ही नको. पाय काढल्यावर मुद्दाम पेट्रोल सोडून ठिणगी उशिरा पाडली की ज्वलन एक्झॉस्टमध्ये होतं. तो आवाज म्हणजे टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (हाच कॅट, धूर शुद्ध करणारा भाग) पडणारे घाव. कॅट काढणं बेकायदा आहे, आणि मागून दुचाकीवर लेकराला घेऊन येणाऱ्याच्या नाकात तो धूर जातो. रेसच्या ट्रॅकवर जे करायचं ते तिथेच राहू द्या.

डिझेलचं काय?

डिझेलमध्ये नॉकिंगची ही अडचण नाही, थ्रॉटलचा खेळ नाही, आणि थोड्या बदलात टॉर्क भरपूर वाढतो. म्हणूनच हात सैल सुटतो. हवेपेक्षा जास्त डिझेल सोडलं की काळा धूर येतो, आणि "धूर आला म्हणजे ताकद आली" हा समज आपल्याकडे ट्रॅक्टरपासून चालत आलाय. धूर म्हणजे न जळालेलं इंधन आणि तापलेला टर्बो. बीएस६ गाडीत तो धूर डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचतो आणि काही महिन्यांत फिल्टर भरतो.

ॲव्हरेज वाढतं का?

त्याच पायाने चालवलीत तर जवळपास तेवढंच राहतं. तो पाय तसाच राहत नाही.

बिनटर्बोच्या गाडीला फायदा होतो का?

इतका थोडा, की तेच पैसे चांगल्या टायरवर घाला.

वॉरंटी, कायदा आणि विमा?

सरळ सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असं धरूनच चला. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांमध्ये निदानाच्या यंत्राला बदललेलं सॉफ्टवेअर दिसलं की गाडीवर "टीडी१" अशी नोंद पडते, आणि मूळ फाइल परत घातली तरी ती नोंद राहते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "सॉफ्टवेअर कुणाला दिसतंय" हे उत्तर अपघातानंतर उपयोगी पडत नाही. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दावा अडू शकतो. हे सगळं माहीत असूनच निर्णय घ्या.

फाइल घालताना ईसीयू मरू शकतो का?

शकतो. लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर गाडी चालू होत नाही. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी उतरणं. म्हणून स्थिर व्होल्टेजचा सप्लाय जोडल्याशिवाय कुणालाही लिहू देऊ नका. इंजिन बंद असतं, पण पंखा आणि इलेक्ट्रॉनिक्स वीज ओढतच असतात. नव्या ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअरवर डिजिटल सही असते, त्यामुळे ओबीडी सॉकेटमधून (निदानाचं यंत्र जोडतात तिथून) बऱ्याचदा लिहिता येत नाही. मग ईसीयू काढून टेबलावर, कधी उघडून, काम करावं लागतं. तो उघडला असेल तर पुन्हा नीट सील केलाय का ते बघा. कोकणातल्या एका पावसाळ्यात आत पाणी गेलं तर रीमॅपच्या कितीतरी पट खर्च समोर येतो.

पुढे मूळ स्थितीत आणायची असेल तर?

येते, पण तुमच्याच गाडीतून आधी वाचून ठेवलेली फाइल असेल तर. "आमच्याकडे स्टॉक फाइल असते" यावर विसंबू नका. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. हेही लक्षात ठेवा की सर्व्हिसच्या वेळी कंपनीने अपडेट घातला तर रीमॅप पुसला जातो आणि जुनी बदललेली फाइल नव्या आवृत्तीला चालत नाही. गाडी सर्व्हिसला देताना अपडेट आहे का, हे आधी विचारा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, तिच्या नावात सॉफ्टवेअर नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहा, आणि एक प्रत घरी, एक ईमेलवर ठेवा. गाडी विकाल तेव्हा ती नव्या मालकाच्या हातात द्या आणि गाडीत काय केलंय ते त्याला सांगा.